‘फुले’, ‘धडक 2’, ‘होमबाउंड’: आपल्यावर सिनेमे आले, आपण कुठे होतो?



मी सिनेमाचा समीक्षक नाही. बारामती एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टी आणि पगार जुळून आले तर थिएटर, नाहीतर पाळीवरून आल्यावर मोबाईल, एवढंच माझं सिनेमा पाहणं. त्यामुळे खाली आहेत ती एका साध्या प्रेक्षकाची मतं. पटली तर घ्या, नाही पटली तर विहारात भेटल्यावर वाद घाला.

लिहायला कारण झालं कँटीनमधलं बोलणं. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्यावर कुणी सिनेमाच काढत नाही." मी विचारलं, "‘फुले’ पाहिला?" "नाही." "‘धडक 2’?" "ती लव्हस्टोरी आहे ना?" "‘होमबाउंड’?" "हा कधी आला?" आम्ही पाच जण बसलो होतो. पाचही जण 14 एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारे. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ला हेच सगळे ग्रुपने गेले होते. आणि खरं सांगायचं तर ‘फुले’ मीही थिएटरात पाहिला नव्हता. जाऊ जाऊ म्हणेपर्यंत शो उतरला होता.

2025 या एका वर्षात जातीवर उघड बोलणारे तीन मोठे हिंदी सिनेमे आले. तिन्ही मी आता पाहिलेत. एकेक करून सांगतो.

फुले

अनंत महादेवन यांचा हा सिनेमा 11 एप्रिलला, म्हणजे जोतिबांच्या जयंतीलाच यायचा होता. ट्रेलरनंतर काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि तारीख 25 एप्रिलवर गेली. सेन्सॉर बोर्डाने बदल सांगितले. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला लावला.

इथे थोडं थांबा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याच्या शीर्षकातच हे दोन शब्द आहेत. जे शब्द एका शाळकरी मुलीने 1855 मध्ये छापील कागदावर आणले, ते 2025 मध्ये त्याच शाळेच्या गोष्टीतून काढावे लागले.

सिनेमा कसा आहे? प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मनापासून काम केलंय. सावित्रीमाईंवर शेण फेकतात तो प्रसंग पाहताना घशात आवंढा येतो. पण बाकी सिनेमा पाठ्यपुस्तकासारखा पुढे सरकतो. एक घटना झाली की दुसरी, आणि माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी भाषण करतात असं वाटत राहतं. ‘आपला’ म्हणून मी ही उणीव झाकणार नाही. आचार्य अत्र्यांनी 1954 मध्येच मराठीत ‘महात्मा फुले’ काढला होता. त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब होते आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारात रौप्यपदक मिळालं. म्हणजे आपल्याकडे मापाला माप आहे. 70 वर्षांनी आलेल्या सिनेमाकडून जास्त अपेक्षा ठेवली तर बिघडलं कुठे?

धडक 2

आपल्या इंदापूर तालुक्याला लागून, उजनीच्या पलीकडे करमाळा तालुका. तिथलं जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. भिगवण स्टेशनवरून सोलापूरकडे जाणाऱ्या लाईनवरच ते लागतं. त्यांच्या ‘सैराट’चा (2016) हिंदी अवतार म्हणजे 2018 चा ‘धडक’. गोष्ट करमाळ्यातून उदयपूरला गेली आणि जाताना जात वाटेतच कुठेतरी उतरली.

त्यामुळे ‘धडक 2’कडे मीही लव्हस्टोरी म्हणूनच पाहत होतो. पण शाझिया इक्बाल यांचा हा सिनेमा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’ (2018) या तमिळ सिनेमावर बेतलेला आहे आणि इथे जात लपवलेली नाही. नीलेश हा वकिलीचं शिक्षण घेणारा मुलगा. त्याला वर्गात कसं बसवलं जातं, कसं हसलं जातं, हे कोट्यातून ॲडमिशन घेतलेल्या कुणालाही लगेच ओळखू येईल.

मला खटकलं ते नायकाचं काळवंडलेलं तोंड. दलित दाखवायचा म्हणून गोऱ्या नटाला सावळा रंग फासायचा, हे 2025 मध्ये शोभत नाही. आणि मूळ तमिळ सिनेमा इतका कमी बोलतो की शेवटचे चहाचे दोन ग्लास सगळं सांगून जातात. हिंदीवाल्यांना तेवढा धीर नाही. तरीही मुख्य प्रवाहातल्या मोठ्या कंपनीने एवढं सरळ बोलणं ही छोटी गोष्ट नाही.

तीन हजार कुठे गेले?

‘फुले’मध्ये तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता. तो बदलून ‘कित्येक वर्षांची’ अशा अर्थाचा करावा लागला. ‘धडक 2’मध्ये तीन हजार वर्षांचा अनुशेष सत्तर वर्षांत भरून निघणार नाही, अशा अर्थाचा संवाद होता. तिथेही आकडा जाऊन ‘शतकानुशतकांचा भेदभाव’ आला. दोन वेगळे सिनेमे, दोन वेगळे दिग्दर्शक, आणि कात्री एकाच आकड्यावर!

आकडा का टोचतो? कारण आकडा म्हटला की हिशोब आला. किती वर्षं, कुणाची, आणि भरपाई किती, हे विचारता येतं. ‘फार पूर्वीपासून’ म्हटलं की विषय संपतो.

मग निर्माते भांडत का नाहीत? यंत्रणा समजून घ्या. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राशिवाय सिनेमा थिएटरात लागत नाही. आधी परीक्षण समिती पाहते, तिचं पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्याच्या वर अपिलासाठी एक न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल 2021 मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. कर्जाचं व्याज चालू, थिएटर बुक झालेली, अशा वेळी वर्ष-दोन वर्षं कोर्टात कोण बसणार? ‘धडक 2’ आधी नोव्हेंबर 2024 मध्ये येणार असं जाहीर झालं होतं, आला तो 1 ऑगस्ट 2025 ला. त्यामुळे बहुतेक जण शब्द सोडतात आणि सिनेमा वाचवतात.

होमबाउंड

नीरज घायवान यांचा हा सिनेमा 26 सप्टेंबर 2025 ला आला. त्याआधी कान महोत्सवात दाखवला गेला, भारताने ऑस्करसाठी पाठवला. त्यातूनही 77 सेकंद कापले गेले.

तिघांत मला सगळ्यात जवळचा वाटला तो हाच. चंदन आणि शोएब हे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांना पोलीस भरती हवी आहे, कारण वर्दी घातली की कुणी नाव विचारणार नाही असं त्यांना वाटतं. पुढे ते सुरतच्या कापड गिरणीत कामाला जातात आणि लॉकडाऊन लागतं. चंदन फॉर्म भरताना आरक्षणाची खूण करत नाही. पूर्ण नाव विचारलं की ‘चंदन कुमार’वर थांबतो.

एमआयडीसीत नवीन आलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. खोली बघायला गेलं की मालक आधी नाव विचारतो, मग आडनाव. गायकवाड, शिंदे, जाधव ही आडनावं अनेक जातींत आहेत, म्हणून तिसरा प्रश्न येतोच: "म्हणजे कोणते?" उत्तर दिलं की खोली कालच गेलेली असते.

मग आपण काय करायचं?

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. ‘धडक 2’च्या दिवशीच ‘सन ऑफ सरदार 2’ लागला होता आणि ‘सैयारा’ची गर्दी अजून ओसरली नव्हती. अशा वेळी आपल्या वाट्याला दुपारचा एखादा शो येतो, तेव्हा पहिल्या पाळीवाला मशीनवर असतो. सोमवारी आकडे कमी दिसले की तोही शो जातो. नंतर मोबाईलवर पाहून त्या आकड्यात भर पडत नाही.

म्हणून आम्ही एवढंच ठरवलंय. असा सिनेमा येणार असला की आधीच्या रविवारी वंदनेनंतर विहारात सांगायचं, पाळ्या बघून शनिवार-रविवारची तिकिटं एकत्र काढायची. ज्याला तिकीट परवडत नाही त्याचं बाकीच्यांनी काढायचं. पाहून झालं की पुढच्या रविवारी अर्धा तास बसून बोलायचं, फसलं असेल तर फसलं म्हणायचं. आपण दर वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो: या, स्वतः पाहा. न पाहता डोक्यावर घेणं आणि न पाहता शिव्या देणं, दोन्ही त्यात बसत नाही.

"कुणी सिनेमाच काढत नाही" म्हणणाऱ्या त्या मित्राने परवा मोबाईलवर ‘होमबाउंड’ पाहिला. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या खोलीमालकाचं मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं रे."

पुढचा सिनेमा थिएटरात बघू, असं मग त्यानेच ठरवलं.

जय भीम! नमो बुद्धाय!