जायफळाची कॉफी आणि आयरिश कॉफी

मराठी घरात चहा रोजचा, पण कॉफीचा मान वेगळा. ती पाहुण्यांसाठी, उपासाच्या दिवशी, नाहीतर रात्री गप्पा लांबल्या की. दुधाळ, गोड आणि वर किसलेलं जायफळ! इथे अमेरिकेत आल्यावर आपली गाठ आधी मगभर काळ्या कॉफीशी पडली आणि मग कधीतरी जेवणानंतर येणाऱ्या, मलईचा थर मिरवणाऱ्या, थोडी व्हिस्की घातलेल्या कॉफीशी. रेस्टॉरंटमध्ये ती बरीच महाग पडते. घरी मात्र हे प्रकार अगदी सहज जमतात. आमच्याकडे थंडीत चार मित्रमंडळी जमली की आता याचीच फर्माईश असते.

आयरिश कॉफीचा जन्म आयर्लंडमधल्या फॉइन्सचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे पाण्यावर उतरणारी विमानं येत. गारठलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या आचाऱ्याने कॉफीत व्हिस्की घातली, असं सांगतात. अमेरिकेत ती गाजली १९५२ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेमुळे. मालक जॅक केप्लर आणि पत्रकार स्टँटन डेलाप्लेन यांनी बरीच खटपट केली, पण मलई काही केल्या तरंगेना, तळाशी जाई!

यातलं गुपित दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे साखर. साखरेने कॉफी जड होते आणि मलईला आधार मिळतो, म्हणून 'बिनसाखरेची द्या' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. दुसरी गोष्ट म्हणजे मलई अर्धवटच घुसळायची. ती ओतता आली पाहिजे, श्रीखंडासारखी घट्ट नको.

आयरिश कॉफी : जाड काचेचा पेला गरम पाण्याने विसळून घ्यावा. त्यात दोन चमचे साखर आणि चार औंस कडक गरम कॉफी घालून ढवळावं. मग दीड औंस आयरिश व्हिस्की घालावी. (दीड औंस म्हणजे सुमारे ४५ मिली, आपल्या छोट्या आणि मोठ्या पेगच्या बरोबर मधे.) चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून मलई हलकेच सोडावी. नंतर ढवळायचं नाही. गार मलईतून गरम कॉफी प्यायची, यातच खरी मजा!

एस्प्रेसो मार्टिनी : हा प्रकार १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल यांनी केला. दीड औंस व्होडका, एक औंस कालुआ (ही मेक्सिकोची कॉफी-लिकर) आणि एक औंस कडक कॉफी, भरपूर बर्फ घालून जोरात हलवावी आणि गाळून घ्यावी. वर छान फेस येतो. एस्प्रेसोचं मशीन नसेल तर दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरमधलं डिकॉक्शन वापरावं, झकास लागतं. शेकर नसला तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटलीही चालते.

जायफळ-रम कॉफी : ही आमची घरची. नेहमीसारखी दुधाची कॉफी जायफळ-वेलदोडा घालून करावी आणि गॅस बंद केल्यावरच एक औंस काळी रम घालावी. उकळत्या कॉफीत घातली तर वास उडून जातो आणि थोडं मद्यही उडतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पार्टी संपताना 'कडक कॉफी पाजा, मग गाडी चालवायला मोकळा' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे साफ चूक आहे. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. दीड औंस व्हिस्कीतलं मद्य निकालात काढायला यकृताला एक तास तरी लागतो, बहुधा त्याहून जास्तच, वर कितीही कॉफी प्यायली तरी. उलट कॉफीमुळे माणसाला आपण ठीक आहोत असं वाटतं, आणि धोका तिथेच आहे. याच कारणाने २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने कॅफीन घातलेली मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली होती. वरच्या मार्टिनीत तर व्होडका आणि कालुआ मिळून एका पेगपेक्षा जास्तच मद्य असतं. रक्तातल्या मद्याची मर्यादा बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, युटामध्ये ०.०५. व्हिसावर असलेल्या मुलामुलींना असा गुन्हा फारच महाग पडू शकतो. तेव्हा आग्रह पुरणपोळीचा करावा, पेल्याचा नको. आणि परतताना गाडी कोण चालवणार, हे पहिला पेला भरण्याआधीच ठरवावं.

गाडी चालवणाऱ्यांना, न पिणाऱ्यांना आणि आजी-आजोबांना 'तुम्हाला सोडा देऊ का?' म्हणून कोपऱ्यात बसवू नये. त्यांच्यासाठी तशाच पेल्यात कॅफीन काढलेली कॉफी, साखर, वर तोच मलईचा थर आणि त्यावर किसलेलं जायफळ द्यावं. आमच्याकडे दुसऱ्यांदा मागणी येते ती बहुधा याच पेल्याला.