सूचीचा साचा : एक्सएमएल, स्कीमा आणि हरवणारा सहलेखक

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला मराठी दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनच्या दिवाळी अंकांतील मजकुराची सूची आज कोणी करायला घेतली, तर ती वहीत किंवा कार्डांवर होणार नाही, संगणकावरच होईल. कार्डावर एखादी नोंद चौकटीत बसली नाही तर सूचिकार समासात दोन शब्द जास्तीचे लिहीत असे. संगणकाच्या प्रोग्रॅमला समास नसतो. प्रत्येक गोष्टीसाठी त्याला आधीच ठरवलेला कप्पा लागतो. हे कप्पे बऱ्याचदा माणूस आखत नाही, दुसरा एखादा प्रोग्रॅम आखून देतो. तो कशाच्या आधारे आखतो आणि त्यात काय निसटू शकते, हे सूचीवर विश्वासणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

मजकुराला नावे देणे

एक्सएमएल ही मजकुराच्या तुकड्यांना नावे देण्याची पद्धत आहे. तिची पूर्वज असलेली एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि तिची सुटसुटीत आवृत्ती म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल मान्य झाली. टॅगची नावे देवनागरीतही चालतात. सूचीतील एक नोंद अशी दिसेल :

<लेख>
<शीर्षक>…</शीर्षक>
<लेखक>…</लेखक>
<पान>९६</पान>
</लेख>

(अंक इथे छपाईसाठी देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी वळणाचे टंकले आहेत असे धरू.)

ही फाइल माणसाला वाचता येते. पण प्रोग्रॅमला लेखकवार यादी करायची असेल, तर फाइलमधील प्रत्येक नोंदीची त्याच्या स्मृतीत एक वस्तू व्हावी लागते. त्या वस्तूचा साचा म्हणजे ‘क्लास’. ‘लेख’ नावाच्या क्लासमध्ये शीर्षकाचा कप्पा अक्षरांसाठी आणि पानाचा कप्पा संख्येसाठी असतो. फाइलमधला तुकडा योग्य कप्प्यात घालणे आणि कप्प्यांतून पुन्हा फाइल लिहून काढणे, या दुहेरी वाहतुकीला डेटा मॅपिंग म्हणतात.

शेकडो टॅग असतील तर हे क्लास हाताने लिहिणे कंटाळवाणे आणि चुकांना आमंत्रण देणारे असते. म्हणून ते आपोआप तयार करणारी अवजारे आली. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ‘एक्सएसडी’ नावाचे असे अवजार आहे. जावा भाषेत हेच काम ‘जॅक्सबी’ ही व्यवस्था करते. या अवजारांपुढे दोन वाटा असतात : हाती असलेली नमुना फाइल पाहून अंदाज बांधायचा, किंवा आधी लिहून ठेवलेले नियम वाचायचे.

नमुन्यावरून बांधलेला अंदाज

पहिली वाट सोपी वाटते. एक नमुना फाइल द्यायची, यंत्र ती तपासते आणि साचा काढून देते. पण यंत्राला नमुन्यात जे दिसले तेवढेच जग असते. नमुन्यातील प्रत्येक लेखाला एकच लेखक असेल, तर साच्यात लेखकाचा एकच कप्पा येतो. पुढे दोघांनी मिळून लिहिलेला लेख आला की दुसरे नाव कुठे ठेवणार? काही अवजारांत ते गुपचूप गळते, काहींत ते पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसते. दोन्ही वेळा प्रोग्रॅम तक्रार न करता पुढे चालू राहण्याची शक्यता असते.

पानाची गोष्टही तशीच. नमुन्यातील सगळे पान क्रमांक लहान असतील, तर डॉटनेटमधील अंदाज बांधणारी सोय त्यांना सर्वांत लहान मापाचा संख्याप्रकार देते. त्यात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. दोनशे पानांच्या अंकावरून काढलेला साचा तीनशे पानांच्या अंकाशी अडतो. मात्र हा दोष त्यातल्या त्यात बरा, कारण प्रोग्रॅम थांबतो आणि चूक कळते. सहलेखक हरवतो तेव्हा काहीच थांबत नाही.

खरे नुकसान परतीच्या वाटेवर होते. फाइल वाचली, एका शीर्षकातील ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि प्रोग्रॅमने फाइल पुन्हा लिहिली. साच्यात ज्याला कप्पा नव्हता ते नव्या फाइलमध्ये येत नाही. मूळ फाइलवरच नवी चढवली असेल तर दुसऱ्या लेखकाचा पुरावाच पुसला जातो. एक वेलांटी सुधारताना एक माणूस सूचीतून जातो.

नियमांवरून घडवलेला साचा

दुसरी वाट स्कीमाची. कोणता घटक कुठे येईल, किती वेळा येईल, त्यात अक्षरे असतील की संख्या, हे नियम स्कीमात लिहिलेले असतात. अशा स्कीमाची एक्सएसडी ही भाषा २ मे २००१ रोजी मानक झाली (वरच्या अवजाराचे नाव याच भाषेवरून आले). स्कीमात ‘लेखक एक किंवा अनेक’ असे लिहिले, की अवजार एका कप्प्याऐवजी यादी तयार करते. मग नमुन्यात सहलेखक असो वा नसो, त्याची जागा राखलेली असते.

इथेही सावध राहावे लागते. घटक किती वेळा येईल हे लिहिलेच नाही, तर एक्सएसडी ‘किमान एकदा, कमाल एकदा’ असे गृहीत धरते. म्हणजे न बोलणे हाही नियमच ठरतो. तरी फरक मोठा आहे : अंदाजातील नियम नकळत लादला जातो, स्कीमातील नियम वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, तो बदलता येतो.

नियम पाळूनही चूक

मराठी सूचीचे प्रश्न यापुढचे आहेत. एक्सएसडीतील तारीख आणि वर्ष ग्रेगोरियन कालगणनेचे असते. जुन्या अंकावर शके छापलेले असेल आणि कोणी १९०९च्या अंकासाठी वर्षाच्या कप्प्यात शके १८३१ तसेच टंकले, तर यंत्र ते बिनतक्रार स्वीकारते. सूचीनुसार मग पहिला दिवाळी अंक १८३२मध्ये निघालेल्या ‘दर्पण’च्याही आधीचा ठरतो! फाइल नियमांनुसार निर्दोष असते आणि इतिहास चुकलेला असतो. उलट कोणी वर्ष देवनागरी अंकांत टंकले, तर ते बरोबर असूनही यंत्र नाकारते, कारण तिथल्या संख्याप्रकारांना फक्त इंग्रजी वळणाचे अंक चालतात.

नावांचेही तसेच. परदेशी सूचींवरून घेतलेल्या स्कीमात आडनावाचा कप्पा सक्तीचा असेल, तर ‘केशवसुत’ किंवा ‘ग्रेस’ यांचे आडनाव काय लिहायचे? दामले आणि गोडघाटे लिहिले तर वाचक ज्या नावाने शोधतो ते नाव मागे पडते. सक्ती पुरी करण्यासाठी टोपणनावच आडनाव म्हणून भरले, तर ती खोटी माहिती होते आणि साच्याला ती खरी वाटते. त्यावर उपाय प्रोग्रॅममध्ये नसून स्कीमात आहे : ‘छापलेले नाव’ हा घटक सक्तीचा ठेवावा, ‘मूळ नाव’ ऐच्छिक ठेवावे, आणि वर्षाबरोबर कालगणना कोणती हे सांगणारा गुणधर्म जोडावा.

सूचिकाराचे काम

म्हणून क्रम असा असावा. आधी स्कीमा साध्या मराठीत कागदावर लिहावा : काय असलेच पाहिजे, काय असू शकते, काय अनेकदा येऊ शकते. हे सांगण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, दिवाळी अंक चाळलेले असावे लागतात. नमुना फाइलवरून यंत्राने काढलेला स्कीमा पहिला मसुदा म्हणून जरूर घ्यावा, पण त्यातील प्रत्येक ओळ वाचून सुधारावी. नमुना निवडताना मुद्दाम अवघड नोंदी निवडाव्यात : दोन लेखकांची, अनामिकाची, अनुवादकासह असलेली, पान क्रमांक नसलेली. तयार झालेल्या क्लासमध्ये हाताने बदल करू नयेत, कारण पुढच्या वेळी अवजार ते पुसून टाकते. बदल स्कीमात करून क्लास पुन्हा काढावेत. शेवटी एक साधी कसोटी लावावी : फाइल वाचून, काहीही न बदलता पुन्हा लिहून घ्यावी आणि मूळ फाइलशी ताडून पाहावी. रिकाम्या जागांचे किरकोळ फरक सोडले, तर जे नाहीसे झाले असेल त्याला साच्यात जागा नव्हती असे समजावे.

अवजारे टिकतातच असे नाही. २०१८ साली आलेल्या जावाच्या अकराव्या आवृत्तीतून जॅक्सबी काढून टाकले गेले. आता ते वेगळे आणून जोडावे लागते. त्या काळी केलेल्या एक्सएमएल फाइली मात्र आजही उघडतात आणि वाचता येतात. साचे पुन्हा घडवता येतील. जपायची ती फाइल आणि तिच्यासोबतचा नीट विचार करून लिहिलेला स्कीमा. सूची करणाऱ्या संस्थेने प्रोग्रॅम विकत घेताना या दोन गोष्टी आपल्या ताब्यात राहतील ना, एवढे आधी विचारून घ्यावे.