घळीपर्यंत चालत गेलेल्या चित्रकर्ती

निसर्गचित्र म्हणजे डोंगर, नदी, झाडे आणि आकाश हेच ज्याचे मुख्य विषय असतात आणि माणूस असलाच तर कोपऱ्यात ठिपक्याएवढा दिसतो, असे चित्र. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत या प्रकाराला मोठा मान मिळाला. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीच्या खोऱ्यात आणि कॅट्सकिलच्या डोंगरांत हिंडणाऱ्या चित्रकारांना ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणतात. ही शाळा नव्हे, तर निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी समान असलेल्या चित्रकारांची परंपरा होती. टॉमस कोल (१८०१–१८४८) हा तिचा जनक मानला जातो. त्याची बहीण सारा कोल (१८०५–१८५७) हीदेखील निसर्गचित्रे काढीत होती, हे मात्र दीर्घकाळ फारसे कुणी सांगितले नाही.

त्या काळच्या कलाशिक्षणाचा कणा म्हणजे नग्न मॉडेल समोर ठेवून केलेला मानवी शरीराचा अभ्यास. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया अकादमीत स्त्रियांसाठी असा वर्ग १८६८ साली सुरू झाला. तोपर्यंत पुराणकथा आणि इतिहास यांवरील भव्य चित्रांचा मार्ग त्यांना जवळजवळ बंदच होता. झाड किंवा खडक रेखाटताना असा संकोच आड येत नव्हता, आणि त्यामुळे निसर्गचित्राचे दार स्त्रियांना त्यातल्या त्यात उघडे होते.

या दाराची किल्ली बहुधा घरातच मिळे. साराने भावाच्या चित्रांवरून चित्रे काढून हात बसवला. ज्युली हार्ट बीअर्स (१८३५–१९१३) हिचे विल्यम आणि जेम्स हे दोघे भाऊ नावाजलेले चित्रकार. पतीच्या निधनानंतर दोन मुलींना घेऊन ती न्यूयॉर्कला आली, चित्रांवर उपजीविका करू लागली, आणि पुढे इतर स्त्रियांनाही सोबत घेऊन डोंगरात चित्रे काढायला नेऊ लागली. मराठी वाचकाला ही वाट अनोळखी वाटू नये: मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या वर्तुळातील अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघी विसाव्या शतकात पुढे आल्या, त्याही चित्रकारांच्याच लेकी.

तरीही निसर्गचित्राला एक गोष्ट लागते जी घरात बसून मिळत नाही, ती म्हणजे पायपीट. कॅट्सकिलची घळ कशी असेल याची कल्पना सह्याद्रीतल्या माणसाला सहज येईल. जोयडा तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी ज्या दाट रानातून आणि उतारांवरून वाट काढते, तिथे घोळदार, जमिनीवर लोळणारा झगा घालून, रंगपेटी सांभाळत चढायचे म्हणजे काय, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. बोस्टनच्या ॲपलाचियन माउंटन क्लबने, स्थापनेच्या दुसऱ्याच वर्षी, १८७७ साली आपल्या नियतकालिकात डोंगर चढणाऱ्या स्त्रियांच्या पोशाखावर स्वतंत्र लेख छापला, यावरून कापडाचा हा प्रश्न किती खरा होता ते कळते.

रंगांची अडचण त्याआधीच सुटली होती. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत, टाचणीने भोक पाडून पिळीत, आणि ते भोक नीट बुजत नसल्याने रंग वाळे किंवा गळे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग निर्धास्तपणे डोंगरावर नेता येऊ लागला.

सुझी बार्स्टो (१८३६–१९२३) हिने या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. कॅट्सकिल, ॲडिरोंडॅक आणि व्हाइट माउंटन्समधील प्रमुख शिखरे तिने पायी गाठली, एका दिवसात पंचवीस मैल, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, चालण्याची तिची तयारी असे, आणि हिमवादळातही तिने रेखाटने केल्याची नोंद आहे. तिच्या रानातल्या वाटांच्या चित्रांकडे पाहताना हे विसरता येत नाही, कारण तिथल्या झाडोऱ्यातून झिरपणारा उजेड वाटेवर उभे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलेला आहे.

हॅरिएट केनी पील हिने १८५८ साली ‘काटर्सकिल क्लोव्ह’ हे चित्र रंगवले. क्लोव्ह म्हणजे घळ. याच घळीने कोलपासून अनेक चित्रकारांना ओढून नेले होते. या स्त्रियांची चित्रे एकत्र मांडणारे प्रदर्शन २०१० साली भरले, आणि ते भरले कॅट्सकिल गावात, टॉमस कोलच्याच घरी, जिथे सारा ही तोवर फक्त त्याची बहीण होती.