जहाजावरील न्याहारी व शेजारधर्म

आपल्या असोद्याच्या शिवारांत भरिताची पंगत उठली, म्हणजे जो तो आपलें केळीचें पान आपणच उचलतो. हाच धर्म समुद्रावरही पाळावा लागतो. 2018 सालीं मुंबई व गोवा यांच्या दरम्यान ‘आंग्रिया’ हें पर्यटकांचें जहाज सुरू झालें होतें. पुष्कळ मोठ्या पर्यटन-जहाजांवर अशी सोय असते कीं, प्रवाशानें रात्रीं हव्या त्या पदार्थांवर खुणा करून कागद दाराला अडकवावा. सकाळीं सेवक न्याहारीचें तबक खोलींत आणून देतो. सोय उत्तम खरी. परंतु कित्येक प्रवासी उष्टें तबक दाराबाहेर ठेवितात व पहांटे दारें आपटतात. खोल्या एकमेकींस लागून, मधली वाट अरुंद. यामुळें शेजाऱ्याची झोंप मोडते व वृद्धांचा पाय अडखळतो.

संकटसमयीं तीच वाट प्राणरक्षणाची होते. 2012 सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून कललें व 32 माणसें मृत्यु पावलीं. कललेल्या जहाजांत मोकळ्या वाटेनें चालणेंही कठीण. मग अडविलेली वाट किती घातक!

यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, तबक खोलींतच ठेवून सेवकास कळवावें व दार हळूच लावावें. भाडें भरल्यानें न्याहारी आपली होते. वाट मात्र सर्वांचीच राहते.