वाचकभेद आणि विधानाची मर्यादा

एकच संशोधन तज्ज्ञास, विद्यार्थ्यास आणि रुग्णास निरनिराळ्या शब्दांत सांगावे लागते, हे नवे नाही. मायकेल फॅराडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीचे रसायन उलगडले, तेव्हा त्याने हेच केले. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडे सोपविता येते. ‘हा निबंध शाळकरी मुलास समजेल असा लिही’ एवढी आज्ञा पुरते. भाषा सफाईदार उतरते, परिभाषेचे ओझे हलके होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती क्रियापदाविषयी. ‘या औषधाने चाचणीतील रुग्णांचा ताप उतरला’ आणि ‘या औषधाने ताप उतरतो’ या दोन विधानांतील भेद वरवर पाहता काळाचा आहे. वस्तुतः तो पुराव्याचा आहे. पहिले विधान काही माणसांच्या बाबतीत काय घडले ते सांगते, तर दुसरे नियम सांगते. आपला साधा वर्तमानकाळ इतका निरुपद्रवी दिसतो की त्याच्या आडून नियम आत शिरला, हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. (वैयाकरणांनी ‘रीति’ म्हणून जो अर्थ वेगळा काढला, त्याचे महत्त्व असे अवचित कळते.)

ही केवळ शंका नव्हे. उवे पीटर्स व बेंजामिन चिन-यी यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा यंत्रप्रणालींनी केलेले ४,९०० सारांश तपासले. मनुष्याने लिहिलेल्या सारांशांच्या तुलनेत यंत्रांच्या सारांशांत असे व्यापक सामान्यीकरण आढळण्याचा संभव जवळजवळ पाचपट होता. ‘अचूक लिही’ असे बजावल्यावर तर दोष कमी न होता वाढला!

फॅराडेच्या श्रोत्यांसमोर मेणबत्ती प्रत्यक्ष जळत होती. विधान पडताळण्याची सोय तेथेच होती. यंत्राने सोपा केलेला मजकूर ज्याच्या हाती पडतो, त्याच्यापाशी मूळ निबंध बहुधा नसतो. तेव्हा पडताळणीचा भार लेखकावरच येतो. यंत्राचा मसुदा मूळ लेखाशेजारी ठेवून त्यातील क्रियापदे तेवढी एकेक करून जुळवावीत, आणि प्रयोग कोणावर झाला व किती जणांवर झाला, हे शब्द गळले असल्यास ते परत घालावेत. वाक्य त्यामुळे थोडे अवजड होईल, होऊ द्यावे.