देवळाचा शिलालेख आणि तंट्याचा कागद

कोल्हापूरजवळच्या जोतिबाचे आजचे मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये, तर तिथलेच केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधले. बांधणाऱ्यांची नावे अशी टिकतात. पूजेची पाळी, उत्पन्नाचा वाटा, शेताची शीव यांवरून भांडलेली साधी माणसे मात्र न्यायाच्या कागदांतच भेटतात, म्हणून देवस्थानच्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी तिकडे वळावे. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेपुढे येई, साक्षी होत, मोडीत महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची, बलुतेदार आपापल्या अवजाराची निशाणी करीत. सारे गाव एका कागदावर हजर! वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा १९५३चा ग्रंथ अशाच कागदांवर उभा केला.

वादी खोटे बोलत, बनावट सनदाही पुढे करीत, हा आक्षेप खराच आहे. पण खोटे गावाला पटायचे तर भोवतालचा तपशील खरा लागे. वंशावळ संशयास्पद असेल. तिच्या ओघात आलेली बांधावरची झाडे, दुष्काळात परागंदा झालेली घरे, मानपानाचा क्रम यांवर वादच नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक विश्वासाचे. म्हणून निवाड्याइतकेच दोन्ही पक्षांचे करिने, म्हणजे त्यांनी लिहून दिलेल्या आपापल्या हकिगती, शेजारी ठेवून वाचावेत.