तुमचा पैसा कुठे राबावा?

जर्मनी किंवा फ्रान्समधल्या बँकेत गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला गेलं, की आधी नेहमीचे प्रश्न येतात: अनुभव किती, पैसा किती वर्षांसाठी, तोटा किती सोसाल? 2 ऑगस्ट 2022 पासून युरोपीय संघात सल्लागाराला आणखी एक गोष्ट विचारावी लागते. तुमचा पैसा पर्यावरणाचा, समाजाचा विचार करून गुंतवावा असं तुम्हाला वाटतं का?

हे विचारायलाच हवं होतं. आपल्या बचतीवर कोणता उद्योग चालावा, याबद्दल छोट्या गुंतवणूकदारालाही मत असतं. पण ‘हो’ म्हणताच त्याच्यापुढे कायद्याचे तीन पर्याय येतात. युरोपीय हरित वर्गीकरणात, म्हणजे पर्यावरणपूरक व्यवसायांच्या अधिकृत यादीत, बसणाऱ्या व्यवसायांत किमान किती टक्के पैसे हवेत? गुंतवणुकीच्या शाश्वततेची माहिती देण्याबद्दलच्या 2019च्या युरोपीय नियमानुसार ‘शाश्वत’ ठरणाऱ्या गुंतवणुकीचा वाटा किमान किती? की कार्बन उत्सर्जन, वादग्रस्त शस्त्रं असे दुष्परिणाम विचारात घेणारी योजना चालेल? निवृत्तीसाठी दरमहा थोडं बाजूला टाकणाऱ्या शिक्षिकेनं आकडा सांगायचा तरी कशाच्या आधारावर? हरित वर्गीकरणात काही अटींवर अणुऊर्जा आणि नैसर्गिक वायूही येतात, हे तिला माहीत असेलच असं नाही. शिवाय फंडांनी या निकषांबद्दलची तपशीलवार माहिती ठरावीक नमुन्यात देण्याचा नियम लागू झाला 1 जानेवारी 2023 पासून, म्हणजे प्रश्न सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी.

नियमातला क्रम मात्र शहाणपणाचा आहे. आधी उद्दिष्ट आणि जोखीम, मग ही पसंती. त्यामुळे तोटा न झेपणाऱ्याच्या गळ्यात केवळ ‘हरित’ म्हणून फंड मारता येत नाही.

खरी कसोटी त्यापुढे. पसंतीला जुळणारी योजनाच नसेल, तर ग्राहकाला पसंती बदलता येते. त्याचं कारण नोंदवावं लागतं. बँकेकडे जे आहे त्याच्या मापात ग्राहकाची इच्छा कापली जाण्याचा धोका इथेच आहे. म्हणून युरोपीय बाजार नियामक ‘एस्मा’नं बजावलं आहे की हा बदल त्या एका सल्ल्यापुरताच धरायचा, मूळ पसंती तशीच राहते. ग्राहकाशी बोलताना तांत्रिक भाषा टाळा, असंही तो सांगतो.

भारतात बाजार नियामक ‘सेबी’नं 2023 मध्ये ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांचा विचार करणाऱ्या) म्युच्युअल फंडांचे सहा प्रकार ठरवले, म्हणजे निवडीला वाव आला. उद्या आपल्याकडेही सल्लागारानं हे विचारायचं ठरलं, तर सुरुवात टक्केवारीनं करू नये. कोळसा, तंबाखू, शस्त्रं यांपैकी कशात तुमचा पैसा नको, हे आधी विचारावं. त्याचं उत्तर कुणालाही देता येतं.